तीन बीप

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
कॅबिनेटमधून तीन बीप आल्या तेव्हा मात्र
नुसतीच उभी राहिले, ओले हात गाऊनला पुसत.
पडदा काळा.
आणि उद्या सकाळी दहाला
कवठेपिरानहून वग्याणी येणार
पोरीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला.

इम्तियाजला फोन लावला.
ताई, पंधरा वर्षांचं मशीन, तो म्हणाला,
आता त्याला सुखानं जाऊ द्या.
भंगारात चारशे येतील.
मी काहीच बोलले नाही तेव्हा
जरा थांबून म्हणाला,
घरात खोडरबर आहे का, पेन्सिलीचा?

होता.
वेदिकाच्या जुन्या कंपासपेटीत,
एक कोपरा चावलेला.
स्क्रू ड्रायव्हर शिलाई मशीनचा.
आधी पिन काढा, इम्तियाज सांगत होता,
मग लोखंडाला हात लावा,
अंगातली वीज उतरू दे.
दृष्ट उतरवताना सांगावं तसं.

झाकण सरकवलं
तर आत सगळं पिवळं.
पंख्याची पाती, वायरींच्या बेचक्या,
त्या ॲल्युमिनियमच्या फणीचा दात न् दात.
हे मार्केट यार्डात तोलाईवर,
रोज संध्याकाळी याच खोलीत शर्ट झटकणार.
किती वेळा सांगितलं, बाहेर झटका.
वखारभागातल्या दीडशे पोरींच्या
हळदीच्या वेळा छापता छापता
यालाच कधी हळद लागली
कळलं नाही मला.

हसू आलं, मग खोकला.
सायकलचा पंप लावला.
पंखा बोटानं धरा, इम्तियाज ओरडला,
भिंगरी नका करू त्याची.

दोन खुंट्या दाबल्या, रॅमची पट्टी वर आली.
सोनेरी दात, त्यांवर राप.
खोडरबर हळूहळू, एकाच दिशेनं.
आजवर त्यानं नुसतं पुसलं जातं एवढंच माहीत.
घासल्यावर आठवण परत येते
हे नवीन.
कट् वाजेपर्यंत दाबा.
वाजलं.
बटण.
एकच बीप.

सगळं आलं, माझे फॉन्टसुद्धा आले.
कोपऱ्यातली तारीख तेवढी
एक जानेवारी दोन हजार नऊ.
सेल गेलाय, इम्तियाज म्हणाला, बटणाएवढा असतो,
तीस रुपये, उद्या आणून बसवतो, झोपा आता.

झोपले नाही.
दोन हजार नऊमध्ये बसून पत्रिका केली.
आयर्विनखाली पाणी आपल्या मापात.
महापूर यायला अजून दहा वर्षं,
हेच कॅबिनेट पोत्यात घालून
डोक्यावर घेऊन मला अजून चालायचंय.
वेदिका दुसरीत, आत झोपलेली,
पुण्याची बस तिला ठाऊक नाही,
खोडरबराचे चारी कोपरे शाबूत.

चि. सौ. कां. अर्पिता सेव्ह केली
तर यादीत ती गेली पार तळाला,
जिच्या पोरांच्या मुंजी झाल्या
त्या सगळ्या नवऱ्यांच्याही खाली,
मशीन घरात येण्याच्याही आधी.
मग मुहूर्त मी मशीनवर सोडला नाही.
भिंतीवरचं कॅलेंडर काढून
बोट ठेवून तपासला, दोनदा.

हे उशिरा आले.
उघडं कॅबिनेट बघून काही बोलले नाहीत,
मागच्या दारी जाऊन शर्ट झटकला.
म्हटलं, पंधरा वर्षांनी.

सकाळी वग्याणींनी चष्मा लावून
आजोबांच्या नावापासून वाचलं.
एक वेलांटी काढली. बाकी ठीक म्हणाले.
मग कागद उजेडात धरला.
कोपऱ्याला पिवळा अंगठा, माझा.
प्रूफलाच हळदकुंकू लावलंत होय?
म्हटलं, नुसती हळद लागलीय.
कुंकू तुमचं तुम्ही लावा.