गायधनी तपासतात

रविवारी पहाटे साडेपाचला
गंगापूर नाक्यावर आम्ही अकराजण,
सायकली अकरा,
आणि गायधनींचा टॉर्च एक.

गायधनी नोटप्रेसमधून निवृत्त.
बत्तीस वर्षं नाशिकरोडला
ताज्या शाईच्या तावांवर वाकून
केसभर सरकलेला आकडा शोधला त्यांनी.
सापडला की पेन्सिलीची एक बारीक फुली.
बाकी जन्मात कुणाला वाकडं बोलले नाहीत.

आता तीच नजर
आमच्या चाकांवर.

"वॉल्व्ह टायरच्या नावासमोर आलेला नाही,"
ते मला म्हणतात,
डॉक्टर म्हणतात ना, जरा बसून घ्या, तसं.
मी म्हणतो, हवा तर आहे ना आत?
"हवा फुग्यातही असते."

दुसान्यांच्या हँडलची टेप
डावीकडे सात वेढे, उजवीकडे साडेसात.
दुसाने सोनार, गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणारे,
तरी मान खाली.
थेटेबाईंच्या निळ्या फ्रेमवर लाल बाटली.
गायधनी काही बोलले नाहीत,
फक्त टॉर्च विझवला.
पुढच्या रविवारी थेटेबाई
बाटलीशिवाय आल्या, घशाला कोरड घेऊन.
पण रंग जुळत होता.

आणि त्यांची स्वतःची?
ती दिवाणखान्यात राहते,
देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला, ऊन लागू नये अशी.
वहिनी सांगतात,
तिचा दात घासायचा ब्रश वेगळा आहे
आणि आमच्यापेक्षा नवा आहे.
एकदा चुकून मी तिला पितांबरी लावली.
तीन दिवस हे जेवले,
पण बोलले नाहीत.

रस्ता ओला असेल तर ती निघत नाही.
पुढे कांद्याची ट्रॉली असेल तर
साल उडून चिकटतं, म्हणून थांबते.
मखमलाबादकडे द्राक्षांवर फवारणी सुरू झाली
की तो रस्ता बंद. निळा थेंब पडतो.
वर्षभरात चालली असेल चारशे किलोमीटर.
पुसता पुसता हात मात्र
कन्याकुमारीला जाऊन आला असेल.

तर मागच्या रविवारी
गिरणाऱ्याच्या रस्त्याला, दुगावच्या पुढे,
माझी चेन उतरली
आणि चक्री न् फ्रेमच्या मध्ये जाऊन बसली,
रुसलेल्या जावयासारखी.
दसऱ्याला मी सायकलीला हार घातला होता.
तेल घातलं नव्हतं.

बाकीचे भज्यांच्या वासाने पुढे गेले.
गायधनी थांबले.
आपली सायकल त्यांनी निंबाला टेकवली,
पुन्हा काढली, साल टोचते म्हणून,
मग माझ्या हातात दिली.
"फक्त सीटला धरा."
मी धरली. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी.
श्वाससुद्धा बाजूला सोडत होतो.

त्यांनी पांढरे हातमोजे काढून खिशात ठेवले
आणि बोटं घातली थेट त्या काळ्यात.
"शाईची सवय आहे," म्हणाले.
खट्ट झालं. बसली चेन.

मग, मला वाटलं नव्हतं,
टांग टाकून बसले माझ्याच सायकलवर.
कुरकुरत, खडखडत,
चिखलाच्या डबक्यातून सरळ,
टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपच्या मागे मागे
पार वळणाच्या वडापर्यंत गेले
आणि परत आले ते हात सोडून.

उतरले तेव्हा
उजव्या पोटरीवर चक्रीचे काळेकुट्ट दात,
एका ओळीत, अर्ध्या चंद्रासारखे.
मी घाईने फडकं पुढे केलं.
त्यांनी भर उजेडात टॉर्च काढला.
वाकले. बघितलं. बराच वेळ.

"छपाई ठळक आहे," म्हणाले.
"अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलीय."

आणि फडकं न वापरताच,
चारही कोपरे जुळवून घडी घालून
मला परत दिलं.