छाट

साखर पेठेतल्या ज्या शेडमध्ये माझी जिम आहे
तिथं आधी बावीस माग होते.
फरशीत अजून त्यांच्या बोल्टांची भोकं आहेत,
झाडताना कधीमधी निळं सूत निघतं.
मे महिन्यात पत्र्याखाली लोखंड असं तापतं
की डंबेल फडक्यानं धरावं लागतं.
म्हणून पहाटे पाचला कुलूप काढतो,
नऊला लावतो.

राजव्वा इराबत्ती सव्वापाचला आली,
डॉक्टरची चिठ्ठी मुठीत, पदर खोचलेला.
वय विचारलं तर म्हणाली, लिही साठ,
दोन-चार इकडंतिकडं.
चव्वेचाळीस वर्षं मांडीवर सूप आणि मान खाली.
उठायची ती भिंतीला धरून,
भिंत नसेल तर सुनेला.

दोन विटांवर मी स्टूल ठेवलं.
म्हटलं, बसा. उठा. हात छातीशी.
टाचा उचलायच्या नाहीत,
गुडघा आत पडू द्यायचा नाही,
बसताना श्वास आत, उठताना बाहेर.
आठ वेळा.

'आठच?'
ती हसली, दात गेलेल्या बाजूनं.
'अरे, मी दिवसाला हजार वळायची.
तू आठाचे पैसे घेतोस व्हय?'

तिसऱ्यालाच गुडघा आत गेला.
चौथ्याला श्वास कोंडून तोंड लाल.
ही धरत नाही, मी म्हटलं.
'का?'
वाकडी झाली.
ती माझ्याकडं बघत राहिली,
परगावच्या स्टँडवर
अचानक आपली बोली कानावर पडावी तशी.
'म्हणजे छाट,' म्हणाली.

मला छाट माहीत होती. आईही विड्याच वळायची.
चेकर मूठभर उचलायचा,
ढिली, आखूड, तोंड फाटलेली
बाजूला टाकायचा. त्या मोजायच्या नाहीत.
आणि आई कारखान्यापासून घरापर्यंत
एक शब्द बोलायची नाही.

राजव्वा तेव्हापासून आपलं आपण मोजते:
ओकटी, रेंडू,
मधेच 'छाट', आणि पुन्हा रेंडू.
आठ भरायला कधी चौदा लागतात.
दिवाळीला एक वीट काढली.
जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत फिरफिर फिरली,
गुडघा सुजला,
मी वीट परत ठेवली.
तिनं वाईट तोंड केलं, मग बसली.
उन्हाळ्यापर्यंत दोन्ही विटा
दार उघडं ठेवायच्या कामाला लागल्या.

सहा वाजता पोरं येतात,
आरशात स्वतःला बघत बार उचलतात.
ही कोपऱ्यातून ओरडते,
'ए, पाठ बघ की, पार कमान झालीय. छाट!'
हसतात मेले. पण बार खाली ठेवतात,
चार प्लेटा काढतात, पुन्हा वाकतात,
या वेळी कंबरेतून.

मी तेवीसचा होतो तेव्हा
मंडळाच्या पैजेत एकशे चाळीस किलो उचलले.
टाळ्या वाजवणारे पन्नास होते.
छाट म्हणणारं कुणी नव्हतं.
पुढं अकरा महिने
बुटाची नाडी बांधायला धाकट्या भावाला हाक मारायचो.
आता चाळीस उचलतो.
सत्तराव्या वर्षीही चाळीस उचलता यावेत,
एवढाच माझा हिशेब. पोरांना तो पटत नाही,
मलाही त्या वयात पटला नसता.

काल ती फरशीवर मांडी घालून बसली होती,
कुणाच्या तरी लग्नाचं सांगत.
खुंटीवरच्या पिशवीत फोन वाजला.
ती उठली.
भिंत नाही, सून नाही,
तळवासुद्धा जमिनीला नाही.
पिशवीशी जाऊन म्हणाली, 'हां, बोल गं.'

तिच्या लक्षातही आलं नाही.
मी काही बोललो नाही,
भोकातून निघालेलं सूत बोटाला गुंडाळत
मनात एवढंच म्हटलं,
ओकटी.