जागेपुरती भूल

तीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग धरून
बर्डीवर घड्याळं उघडली मी.
मागच्या तान्ह्या पोळ्यापासून भिंगच टिकेना.
पापण्या आपसूक मिटतात,
बोटांनी सोडवाव्या लागतात,
डिंकानं चिकटलेलं पाकीट सोडवावं तशा.

बायको म्हणाली, उजवा लवतो, चांगलंच आहे.
मग डावाही लवायला लागला
तेव्हा तिनं पंचांग खिळ्याला टांगून ठेवलं.
एका गिऱ्हाईक बाईचा नवरा दुकानात आला,
‘काहून जी हेडाऊ, डोळा कोणाले मारून राह्यले?’

मेडिकलला, जिन्याखालच्या खोलीत,
डॉक्टर संघमित्रा रामटेके. अजून शिकतेच आहे,
आवाजात दोन रात्रींचं जागरण.
‘काका, पापण्यांभोवती सुया टोचाव्या लागतील.
आधी मलम. एका डोळ्याला भुलीचं, एकाला नुसतंच.
कुठलं कुठे, मलाही ठाऊक नाही.
याला डबल ब्लाइंड म्हणतात.’
आणि माझे मिटलेले डोळे पाहून गप्प झाली.
मी हसलो. पापण्यांच्या आतूनही हसता येतं.

चाळीस मिनिटं बसवलं.
भिंतीवरचं घड्याळ अडखळत होतं,
सेकंदकाटा चढणीला घसरायचा,
ते ऐकूनच कळलं.

मग सुया.
उजवीकडे मुंगी चालून गेली.
डावीकडे मी खुर्चीचा दांडा सोडला नाही.
‘आकडा सांगा काका, शून्य ते दहा.’
उजवा दोन. डावा…
तिचा हात अजून माझ्या कपाळावर होता
आणि बारीक कापत होता,
नवीन पोराच्या हातात चिमटा कापतो तसा.
चार, म्हणालो.

आठ होते.

आठवड्यानं भिंग बसलं डोळ्यात.
पहिलंच काम एक लेडीज घड्याळ,
दिवसाला चार सेकंद मागं पडणारं.
‘चालते जी, चार सेकंदानं काय होते,’ गिऱ्हाईक म्हणालं.
मी रात्री नऊपर्यंत शटर ओढलं नाही.

चोवीस माणसं होती त्या अभ्यासात.
तिनं तक्ता मांडला असेल, सरासरी काढली असेल,
त्यात माझे चार
इमानदार दिसत बसले असतील.

परवापासून डावी पापणी पुन्हा जड होते आहे.
मंगळवारची तारीख आहे.
केसपेपर सापडला.
खिशात एक सेल टाकलाय आणि लहान स्क्रूड्रायव्हर,
त्या भिंतीवरच्या घड्याळासाठी.
ते काढताना स्टुलावर उभा राहीन,
तिच्याकडे पाठ असेल,
तेव्हा सांगता येईल.