चौदा आठवडे

दोंडाईच्यात मिरचीचे दिवस.
खळ्यावरचा ठसका ओपीडीच्या जाळीतून आत येतो.
टेबलावर निजलेली कोकिळा गिरासे शिंकते
आणि दोन्ही हातांनी पोट आवळून धरते.

सासू पडद्याशी: जुळा शेतस ना बाई?
गल्लीनं पोट पाहूनच ठरवून टाकलंय.

मी तळवे घासून ऊन करते.
शेवटच्या पाळीपासून चौदा आठवडे,
गर्भाशय मात्र नाभी ओलांडून वर.
हाताखाली मऊ, तिंबून ठेवलेल्या कणकेसारखं.
टिचकी मारली तर आतून उलट टिचकी नाही.
पाठ नाही, डोकं नाही,
कुणी कूस बदलत नाही.
डॉपलर खालून वर, पुन्हा वरून खाली:
सापडते ती तिचीच नाडी, एकशे अठरा,
एसटी सुटत असल्यासारखी.

पापणी खाली ओढली.
जिथे लाल हवं तिथे
कांद्याच्या पातीच्या बुडाचा रंग.
हात पुढे कर म्हटलं, बोटं पसर.
त्यांच्यावर केसपेपर ठेवला
आणि तिचं नाव थरथरू लागलं.

आतली तपासणी. हळू.
दोन्हीकडे अंडाशयं पेरूएवढी,
इथे बोटांनी जोर करायचा नसतो.
कापसावर काकवीच्या रंगाचं थोडं काही,
आणि एक दाणा,
भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखा, पाणीदार.

द्राक्षगर्भ म्हणतात याला.
नाव ठेवणाऱ्याला तेव्हा भूक लागली असावी.
इकडे द्राक्षं सटाण्याहून टेम्पोत येतात,
पाव किलो घेतात लोक, आजाऱ्यासाठी.

कोकिळा छताकडे बघत म्हणाली,
पोटमा काहीच हालत नही.
मी सांगस तं कोनी आयकत नही.

माझ्या आधी तिला कळलं होतं.
केसपेपरवर त्याला रकाना नाही,
मी समासात लिहिलं, तिच्याच शब्दांत.

मंग येवढं मोठं कसानं व्हयनं?
सासूनं विचारलं.
मी हात धुवत राहिले,
नळ आटेपर्यंत.

धुळ्याहून परत आली ती चौथ्या आठवड्यात.
दर सोमवारी रक्त, वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत,
हे सगळं तिनंच मला पाठ म्हणून दाखवलं.
गर्भाशय हाडामागे गेलेलं, हाताला लागत नव्हतं.
फुफ्फुसं दोन्हीकडे ऐकली, बराच वेळ.
मग बोटं पसर म्हटलं, कागद ठेवला.

हलला जरासा.
खळ्यावरून वारंही येत होतं.
खिडकी लावून पुन्हा ठेवते.