ढगांची नावं

एकोणीस वर्षं तोफेपाशी.
उजव्या कानात अजून ती बारीक शिट्टी,
कुणीच न उतरवलेल्या किटलीची.

आता विनिपेगच्या वर्गात
माझ्या लेकीच्या वयाची कॉर्पोरल ओलेक्सिन
फळ्यावर ढगांची नावं लिहिते.
मी चष्मा पुसून वहीत उतरवतो,
दोन चुकतात.

पूर्वी वाऱ्याची चौकशी करायचो
ती गोळा कुठे पडेल एवढ्यापुरती.
वाऱ्यालाही कुठे जायचं असतं
हे कधी डोक्यात आलं नाही.

आज उणे एकतीस.
पांढरा फुगा हातातून सोडला
आणि सवयीने
दोन्ही कान दाबून खाली वाकलो.

पोरं हसली.
मीही, जरा उशिरा.
वर फुगा
काहीच आवाज न करता
बारीक होत गेला.