अर्धा किलो 'द'

धडा चौदावा: ग्राहकाचं मन.
खाली औषधांचं दुकान, वर आमचा वर्ग,
गॅसच्या शेगडीकडे सरकवलेली सहा बाकं.
कुताइसीत फेब्रुवारी आहे,
रिओनी नदीवरचा वारा खिडकीच्या फटीतून येतो
आणि आधी माझा खडू गार करतो.

पुस्तकातले हार्वीसाहेब दुकानात गेलेत.
दहाचा शर्ट त्यांना महाग वाटतो,
नऊ नव्याण्णवचा स्वस्त.
'का?' असं खाली छापलंय. उत्तराला तीन ओळी.

'मूर्ख म्हणून,' ओतिया म्हणाला. टॅक्सी चालवतो.
पूर्ण वाक्यात सांगा, मी म्हटलं.
तर त्याने हार्वीसाहेबांना 'शी' करून टाकलं.
चूक नाही त्याची.
आमच्याकडे तो आणि ती एकाच शब्दात राहतात.

मग गाळलेल्या जागा.
'अ' की 'द'?
आमच्या भाषेत दोन्ही नाहीत.
आमचं चीज नुसतं चीज,
ना कुठलंसं, ना तेच ते.
अकरा वर्षं शिकवतेय,
तरी त्या रिकाम्या रेघेपुढे माझाही पाय चुकतो,
अंधारात जिना संपलेला असतो
आणि आपण आणखी एक पायरी धरून चालतो, तसा.

नियम सोपा, मी फळ्यावर लिहिला:
पहिल्यांदा भेटते ती 'अ'.
ओळख झाली की 'द'.

शी बॉट, रिकामी रेघ, चीज.
पाच जणांनी लिहिलं 'अ'.
त्सिआलाने 'द'.

त्सिआला हिरव्या बाजारात बत्तीस वर्षं चीज विकते.
बोटं खारवणाच्या पाण्याने फाटलेली,
वहीच्या पानांनाही निवळीचा वास.
मी लाल रेघ मारली.
तिने वही परत सरकवली माझ्याकडे,
वजन कमी भरल्यावर गिऱ्हाईक पिशवी सरकवतं तशी.

'बाई आली. अ बाई. बरोबर?'
बरोबर.
'तिला काही घ्यायचं नव्हतं.
लोणच्यांकडे निघाली होती.
मी सुरीच्या टोकावर एवढंसं पुढे केलं.
भाव नाही सांगितला. बोललेच नाही.
तिने खाल्लं. उभी राहिली.
आता तू सांग, तोंडात आहे ते 'अ'?'

शेगडी फुरफुरली.

'ओळख वाक्याच्या आधीच झाली, बाई.
तुझं पुस्तक उशिरा पोचलं.'

या युक्तीला इंग्रजीत भारदस्त नाव आहे,
पुढच्या पानावर, निळ्या चौकटीत.
त्सिआलाने ते तीनदा वाचलं, अक्षर अक्षर जोडत,
तिसऱ्यांदा हसली.
'एवढ्याशा तुकड्याला?'

विषय बदलावा म्हणून मी कर्मणी प्रयोग काढला.
चीज वॉज सोल्ड.
चीज विकलं गेलं.
'कोणी?' मागून मागुली.
तेच तर, मी म्हटलं, इंग्रजीत नाही सांगितलं तरी चालतं.
आमच्याकडे केलेल्या कामाला कर्ता चिकटून येतो,
नावाला शेपूट लावून, हात वर करून.
इथे मात्र चीज स्वतःच उठतं, कागदात बसतं, जातं.
त्सिआला बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होती.
'आणि मी? पाणी आणायला गेले होते?'

साडेआठला वर्ग सुटला.
मी फळा पुसत होते,
तर खांद्यापाशी सुरीचं टोक,
टोकावर एवढंसं.

घरी चीज होतं माझ्या. परवाच आणलेलं.

'किती?'
'तुला म्हणून नऊ नव्याण्णव.'
दहाची नोट दिली.
एका तेत्रीचं नाणं तर कधीच बंद झालंय.
'उधार राहिली तुझी,' ती म्हणाली,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर
खरंच लिहून घेतलं: आय ओ यू.
व्याकरण अचूक.

ती लाल रेघ मी अजून खोडलेली नाही.
मिनीबसच्या काचेवर बाहेरून बर्फ, आतून वाफ,
आणि गुडघ्यांवर, ओलसर कागदात,
अर्धा किलो 'द'.