पात्याची पाठ

ज्योतिराम नगरे पंखा गोणपाटात बांधून आला,
करमाळ्याहून एसटीनं, मांडीवर घेऊन.
कंडक्टर म्हणाला म्हणे, एवढं वजन
तर याचं अर्धं तिकीट काढ.

अक्कलकोट रोडला आमच्या भिंतीपलीकडं
टॉवेलचे माग दिवसभर धडधडतात.
म्हणून उस्ताद धातू वाजवून बघायचं काम
एक वाजेपर्यंत ठेवून देतात.
माग जेवायला थांबले की
लाकडी हातोडी, हलकेच:
टण्ण.
पंखा फिरवला. टण्ण. पुन्हा. टण्ण.
"जस्त गेलेलं नाही," उस्ताद म्हणाले,
"पितळ अजून पितळच हाय."

"वाळूनं खाल्लंय बगा," ज्योतिराम म्हणाला,
"सगळे तेच म्हणलालेत."

वाळू कशी खाते ते मला ठाऊक होतं.
उपशाच्या बोटींचे पंखे पाहिलेत मी:
समोरची कड जुन्या विळ्यासारखी बारीक,
गुळगुळीत, वर चकाकी.
वाळू समोरून येते आणि चाटत जाते,
तिच्यात लपवाछपवी नसते.

उस्तादांनी रॉकेलचा बोळा फिरवला,
पातं माझ्याकडं केलं.
"डोळे मीट. बोटानं बघ."
पोट साफ होतं, ताटासारखं.
कड शाबूत.
मग बोट पाठीवर गेलं, बुडख्यापासून चार बोटं वर,
आणि अडकलं.
भुईमुगाच्या टरफलावर अडकतं तसं.

"हे पाण्यानं केलंय."
ज्योतिराम हसला. जन्म पाण्यावर गेलेला माणूस.
"मऊ पाण्यानं?"
"पातं पाणी ढकलतं ते पोटानं.
पाठीकडं तेच पाणी ताणलं जातं.
लई ताणलं की जाळाबिगर उकळतं.
गार उकळी. बारीक बुडबुडे.
पुढं सरकले की दाब भेटतो, मिटतात.
मिटताना मारतात.
एकेकाचा मार मोहरीएवढा.
मोहऱ्या मात्र मोजायला बसू नको."

मग खडू घेतला.
तीन पाती, तीन वर्तुळं,
तिन्ही एकाच उंचीवर.
"एकाच पात्यावर असतं तर त्या पात्याला पिळलं असतं.
तिघं एकच खोटं बोलत नाहीत.
खोट पंख्याच्या पुढं हाय. नावेत.
काय बदललास?"

"काय नाही."

उस्ताद हात पुसत राहिले.
शेजारी कुणीतरी डबा उघडला, चटणीचा वास आला.

"आवाज येतो का? खडी ओतल्यावानी?"
"येतो. मला वाटलं गिअर."
"कधीपासनं?"

ज्योतिरामनं गोणपाटाची घडी घातली,
उलगडली, पुन्हा घातली.
"मे महिन्यात पाणी लई खाली गेलतं.
तळाला चौथरा लागला. आमच्याच जुन्या गावची चावडी.
वरनं रोज जातो, जागा पाठ हाय, तरी लागला.
पत्रा मारून वेल्डिंग करून घेतलं."
"कुठं?"
त्यानं हात पसरून दाखवला.
पंख्याच्या पुढं हातभर.
"टाका घासला का?"
"पाण्याखाली कोण बघतंय?"

त्या टाक्यापाशी पाणी रोज अडखळत होतं,
तोल गेलेलं तसंच पंख्यावर येत होतं,
आणि पोटावर मार नको म्हणून की काय,
पाठीवर फुटत होतं.

"पंखा भरून देईन," उस्ताद म्हणाले,
"पण आज न्हाई. आधी नाव वर ओढ.
टाका घास. बोट सरळ गेलं पायजे,
मांजराच्या पाठीवरनं जातं तसं. मग ये.
न्हाईतर दिवाळीला
हेच पितळ घेऊन दारात असशील."

तो उठला. जाताना दोन घासायच्या चकत्या मागून घेतल्या,
पैसे द्यायला लागला, उस्तादांनी नको म्हटलं.
दारात थांबून कुणालाच नाही असं बोलला:
"आजा बसायचा त्या चौथऱ्यावर."

मी वही उघडली.
तारीख, नाव, गाव, व्यास अठरा इंच, पाती तीन.
बिघाडाचं कारण या रकान्यात
पेन जरा वेळ तसंच राहिलं,
मग लिहिलं: चौथरा.
उस्तादांनी संध्याकाळी हिशेब पाहताना ते वाचलं,
खोडलं नाही.
भिंतीपलीकडं माग चालू होते,
त्यामुळे काही म्हणाले असतील तरी
मला ऐकू आलं नाही.